सुतकातली फोडणी

या सदरात लोक न उलगडलेल्या अनुभवांबद्दल जे लिहितात ते मी बरीच वर्षं वाचत आले आहे. वाचते आणि पान उलटते. आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, भुताखेतांच्या पुस्तकांची कपाटंही लावली, पण संध्याकाळी एकटीने दिवे मालवताना कधी मागे वळून पाहिलं नाही. देवाला हात जोडते, तेही आईला बरं वाटावं म्हणून. त्यामुळे इथे लिहिणाऱ्यांत आपणही असू असं कधी वाटलं नव्हतं. लिहायलाही फार दिवस लागले. दोन ओळी झाल्या की थांबावंसं वाटतं.

माझा धाकटा भाऊ विजय. आम्ही विजू म्हणायचो. रसायनीतल्या एका कारखान्यात होता, लग्न केलं नाही, मोहोपाड्याला कॉलनीतल्या एका खोलीत राहायचा. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी रात्रपाळी करून आला, आंघोळीचं पाणी तापत ठेवलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मी आणि आई सांगलीहून पोचलो तोवर फक्त बघणं उरलं होतं. अग्नी मी दिला.

आम्ही मूळचे कर्जतचे. तिथलं घर केव्हाच विकलं. पण बाबांचा दहावा कर्जतला नदीवर झाला होता, विजूचाही तिथेच करायचा, असं मी स्मशानातून परतल्यावर आईने सांगितलं. आईने ऐंशी ओलांडली आहे, वॉकर धरून चालते. तिला सांगलीला नेऊन पुन्हा आणणं शक्य नव्हतं. विजूची खोलीही रिकामी करून द्यायची होती. म्हणजे दहाव्यापर्यंत इकडेच राहायचं. कर्जतला ओळखीची माणसं आहेत, पण सुतक घेऊन कोणाच्या दारात जाणार?

सुरुवातीला एक्सप्रेस-वेजवळच्या एका हॉटेलात उतरलो. तिथे आई चहाशिवाय कशालाच हात लावेना. सुतकात बाहेरचं शिजवलेलं ती खात नाही. खोलीत दिवा लावायलाही मनाई होती. शेवटी विजूबरोबर काम करणारे पाटील म्हणाले, “ताई, आमच्याकडे बाहेरून इंजिनिअर येतात ना, ते खालापूरला सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये उतरतात. किचन असतं, साफसफाई तेच लोक करतात. हॉटेल कशाला?”

तसे आम्ही त्या फ्लॅटमध्ये आलो. तिसरा मजला, एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर. सगळं स्वच्छ, सगळं नवं, भिंतीवर कुठल्यातरी परदेशी पुलाचं चित्र. गॅस नव्हता, इंडक्शन होतं. काचेवर बोट ठेवलं की दिवे लागायचे. खिडकीतून कारखान्यांच्या शेड आणि मागे डोंगर दिसायचा. कितीतरी माणसं राहून गेलेली, पण घर कोणाचंच नाही... मला ते बरं वाटलं. तिथल्या एकाही वस्तूला विजूचा हात लागलेला नव्हता.

पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकघरात उदबत्ती लावली आणि छतावरची एक पांढरी डबी किंचाळायला लागली. खालून मॅनेजर धावत आला. प्रशांत नाव, तिशीचा असेल.

“मॅडम, ते सेन्सॉर लय नाजूक आहे. धूर झाला की खाली माझ्या टेबलावर पण बोंबलतं. दिवा-बिवा तिकडे बेडरूममध्ये लावा. मी काही बघितलं नाही.”

दिवा बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवला, दक्षिणेकडे वात करून.

आईने मला सांगून ठेवलं होतं, “शुभा, दहा दिवस फोडणी नाही.” सुतकात आमच्याकडे फोडणी देत नाहीत. मीठ-हळदीचं वरण, भात, वर तूप. मी तेवढंच सामान आणलं होतं. तांदूळ, तूरडाळ, हळद, मीठ, तूप, चहा-साखर, दूध आणि दिव्यासाठी तिळाचं तेल. भाजीसुद्धा नाही. त्या दिवसांत दुकानात उभं राहून काही निवडायची ताकद माझ्यात नव्हती.

पण आई तेही खाईना. ताट समोर ठेवलं की बघत बसायची. घास हातात घ्यायची, पुन्हा ठेवायची. “खाते मी. तू पड जरा,” एवढंच म्हणायची. खालापूरचे डॉक्टर येऊन बघून गेले. दारात मला हळूच म्हणाले, “आणखी एक-दोन दिवस असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. या वयात शरीर फार वाट बघत नाही.” म्हणजे दहाव्याला ती घाटावर नसणार. आणि मला खरी भीती त्याच्याही पुढची होती. ती मी मनातसुद्धा उच्चारत नव्हते.

सफाईला बेबीताई यायच्या, तिथल्याच जवळच्या गावच्या. त्या आईला घाबरत नसत.

“आजी, तुमी नाय खाल्लं तर ही पोरगी पण नाय खात. बघा तिचं तोंड कसं झालंय. दोघींना मी खाली नेऊ काय उचलून? माझी कंबर आधीच गेलीय.”

आई किंचित हसली. पण खाल्लं नाहीच.

“पोराचं नाव घ्या नि एक घास घ्या. बरी जिद्द हाय म्हातारीची,” असं पुटपुटत त्यांनी आमची खरकटी भांडी घासली नि गेल्या. मी त्यांच्यामागे दार लावलं आणि आतून कडी घातली. हे मला पक्कं आठवतं, कारण कडी घट्ट होती, तळहाताने ठोकावी लागायची.

दुपार होती. वरण-भात वाढून ताट आईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. हॉलमधल्या सोफ्यावर टेकले. किती दिवसांत नीट झोप नव्हती. पाठ टेकली आणि गेलेच.

जाग आली ती त्या डबीच्या किंचाळण्याने. क्षणभर कुठे आहे ते कळेना. मग वास आला... करपलेल्या लसणाचा. हॉलभर निळसर धूर होता. मी आधी बेडरूमकडे धावले. आग लागली असं वाटलं. दिवा शांतपणे जळत होता. आई पलंगावर बसली होती, ताट मांडीवर, आणि जेवत होती. मान खाली घालून, व्यवस्थित, भूक लागलेल्या माणसासारखी.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दार बडवायला लागलं. मी ती घट्ट कडी ओढून काढली. प्रशांत नाकाला रुमाल लावून आत आला.

“काय हे मॅडम! फोडणी द्यायचीय तर चिमणी लावत जा ना. ठसका खालपर्यंत आला.”

तो स्वयंपाकघरात गेला, चिमणी लावली, खिडकी उघडली. इंडक्शनवर एक लहान पातेलं होतं, त्यात तळाला काळं तेल आणि मोहरी. “बंद तरी करायचं,” असं म्हणत त्याने काचेवर बोट ठेवलं. म्हणजे ते चालू होतं. त्यानेही पाहिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी एकटीच असते तर माझा माझ्यावरच विश्वास बसला नसता.

तो गेल्यावर मी आईजवळ गेले. वरणावर फोडणी ओतलेली होती. लसूण सालीसकट ठेचलेला आणि काळा होईपर्यंत जाळलेला. सालं ताटाच्या कडेला आईने काढून ठेवली होती.

अशी फोडणी जगात एकच माणूस द्यायचा. विजू एकटा राहून स्वयंपाक शिकला. सांगलीला आला की ओटा त्याचाच. लसूण सोलायचा त्याला कंटाळा, आणि फोडणी करपेपर्यंत बोलत उभा राहायचा. आई दर वेळी म्हणायची, “फोडणी आहे का होळी रे?” आणि दर वेळी दुसऱ्यांदा भात घ्यायची.

“आई, हे कोणी केलं?”

“विजूनं दिली,” ती म्हणाली. वेगळं काही सांगतेय असा सूरच नाही. “थोडा भात आण.”

मी भात आणला.

नंतर मी सगळं शोधलं. लसूण नव्हता, एक पाकळीसुद्धा नाही. मोहरी नव्हती. कचऱ्याच्या डब्यात सकाळची चहापत्ती फक्त. आईने केलं असेल का? तिने इंडक्शन कधी हाताळलंही नव्हतं, आणि वॉकर मी सोफ्याजवळ आणून ठेवला होता, ती एकटीने उठू नये म्हणून. मी झोपेत केलं? करता येत असेल माणसाला. पण लसूण कुठून आणला मी?

दुसऱ्या दिवशी बेबीताईंना विचारलं. त्या एकदम चिडल्या.

“मी? सुतकाच्या घरात फोडणी? ताई, माझ्या घरी लेकरंबाळं हायत! असलं मी कशाला करीन?” मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, “पण आजी जेवल्या ना? मग जाऊ द्या. नका इचारू जास्ती.”

त्या दुपारी मी पुन्हा साधं वरण वाढलं. आईने ताटाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. बराच वेळ. ताट हाताने हळूच दूर केलं.

मी सोफ्यावर जाऊन बसले. एकदा वाटलं, पडून राहावं. झोप लागली तर कदाचित... पण झोप आली नाही, आणि आली असती तरी रोज त्याच्यावर टाकायचं का? मी आईला सांगून खाली उतरले, रिक्षा केली, खालापूरच्या बाजारातून लसूण, मोहरी, तेल आणलं. दुकानदाराने ओळख ना पाळख, “पाहुणे आलेत वाटतं?” असं विचारलं. मी हो म्हटलं.

लसूण सालीसकट ठेचला. काळा होईपर्यंत हलवला. डबी किंचाळली, खालून प्रशांतचा फोन आला, “मॅडम, चिमणी!” मी वरणावर फोडणी ओतली आणि ताट आईपुढे नेलं. आयुष्यभर तिने पाळलेला नियम मी मोडत होते, तोही तिच्या मुलाच्या सुतकात, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. ती जगायला हवी होती.

आईने एक घास घेतला. चावत राहिली. मग म्हणाली, “ही तुझी आहे.”

मी तिच्या पायाशी खाली बसले.

“अगं, बसलीस काय? तुझं पान घे. गार होतंय,” ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

दहाव्याला आई घाटावर होती, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, शाल पांघरून. डॉक्टरांची पुन्हा गरज पडली नाही. विजूची खोली पाटलांच्या मदतीने रिकामी केली. त्या फ्लॅटमध्ये नंतर काहीही झालं नाही. आवाज नाही, वास नाही, स्वप्नसुद्धा नाही. निघताना प्रशांतला विचारलं, इथे पूर्वी कोणाला काही...? तो म्हणाला, “मॅडम, बिल्डिंगच दोन वर्षांची आहे. भुताला पण जरा वेळ द्या.” मला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

आता आम्ही सांगलीला आहोत. आई जेवते, पेपर वाचते. त्या दुपारबद्दल मी तिला बरेच दिवस विचारलं नाही. मला कोणतं उत्तर हवं आहे, तेच ठरत नव्हतं. परवा भाजी निवडताना विचारलं, “आई, त्या दिवशी तू मला हाक का नाही मारलीस? मी बाहेरच तर होते.”

तिने वर न बघता सांगितलं, “मारणार होते. तोच म्हणाला, ताईला झोपू दे, दमलीय ती.”

याचा अर्थ मला लावता येत नाही. कोणाला लागत असेल तर त्यांनी तो लावावा. मेथीची जुडी संपेपर्यंत आम्ही दोघी निवडत बसलो.