हिलाल बुडीवाल्याची दोरी

आमचे हे ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघणार, कुंभाराचं मडकं वाजवून वाजवून त्याचा जीव खाणार, आणि पाचोऱ्याच्या स्टँडवर कंडक्टर घसा फोडून 'एरंडोल, एरंडोल' ओरडत असला तरी खाली उभ्या चार माणसांना विचारल्याशिवाय एस.टी.त पाय ठेवणार नाहीत. लग्नात आमच्यामध्ये अंतरपाट धरला होता, तर हा बाबा बाजूने मान काढून बघतोय, दाखवली तीच पोरगी उभी आहे ना! भटजींना हसू आवरेना, माझी आई रडता रडता थांबली. असल्या माणसाशी मी, पुष्पाबाईने, संसार केला. हल्ली धुळे शहरात, देवपूरला लेकाकडे असते म्हणून नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत नाही. त्यांचं नाव हिलाल.

गावात लहानथोर त्यांना आबा म्हणायचे. आम्ही जातीने भोई. आबांचं काम बुडी मारायचं. कोणाच्या विहिरीत बादली पडली, मोटारीचा पाइप तुटून तळाला गेला, की लोक सायकलवर टांग टाकून आमच्या दारात यायचे. एका उन्हाळ्यात खोल विहिरीत त्यांच्या कानाचा पडदा फाटला. एरंडोलच्या डॉक्टरने सांगितलं, आता बुडी बंद. यांना खरं वाटेना. धुळ्याला जाऊन दुसऱ्या डॉक्टरला कान दाखवला, त्याने तेच सांगितलं, तेव्हा कुठे पटलं. मग हे काठावर बसून दुसऱ्याच्या कमरेची दोरी धरायला लागले.

आमचं जुनं वडगव्हाण धरणात गेलं होतं. अजून एक उन्हाळा मिळेल म्हणून आम्ही जडशीळ सामान घरातच ठेवलं, आणि त्या पावसाळ्यात पाणी चढलं ते घरांवरून परत उतरलंच नाही. सगळी धाब्याची घरं, सागाच्या तुळया आणि वर मातीचं जाड छत, तशीच पाण्याखाली उभी राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर दिसायचा आणि पोरांच्या अंगात यायचं, चला, तुळया काढून आणू. माझा धाकटा दीर वना असाच गेला. पोहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोरी आबांच्याच हातात होती. वना घरात शिरला, दोरी अपुरी पडली, तर शहाण्याने कमरेची गाठ सोडली. एवढं आत आलो आणि रिकाम्या हाताने कसा परत जाऊ, असं वाटलं असेल. आबांनी दोरी ओढली, ती नुसतीच वर आली.

विहिरीची गोष्ट वेगळी असते बघा. दम संपला की पाय मारायचे, डोक्यावर आभाळ असतं. बुडालेल्या घरात डोक्यावर छत. हात लागला की धाब्याची माती विरघळते, पाणी चहासारखं होतं, आणि दार कुठे ते देवालाच ठाऊक. वना गेल्यापासून आबा गाठ पाठीमागे मारायला लागले, बुडी मारणाऱ्याचा हात पोचू नये म्हणून. आणि जुन्या गावात उतरायचं कोणी नाव काढलं की एकच शब्द, "नही."

पण जावयाला 'नही' म्हणायचं कसं?

एकोणनव्वद सालची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. माझी नर्मदा माहेरी आली होती, पाचवा महिना लागला होता तिला. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. मी वनाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, डोळे पुसले. तेवढ्यात जावई देवचंद पाचोऱ्याहून आले. टेरिकॉटचा शर्ट, खिशात कंगवा. बसल्या बसल्या म्हणाले,

"मामा, पहिल्या बाळाचा पाळणा माहेरचा असतो ना? मग तुमच्या जुन्या घरातला सागवानी पाळणाच द्या. मी स्वतः काढून आणतो. बुडी मारतो मी, गिरणेकाठच्या सगळ्या विहिरी मला माहीत आहेत."

आणि हे कुठे, तर वनाच्या घागरीसमोर! पाळणा मलाही हवा होता हो, खोटं कशाला बोलू? माझी सगळी पोरं त्यात निजली. मधघरातल्या तुळईला अजून तो टांगलेला असेल, असं रोज मनात यायचं. पण म्हणून नर्मदेचं कुंकू पणाला लावू? भाचा असता तर आबांनी कानाखाली काढली असती. जावई म्हणजे दहावा ग्रह, तो रुसला तर पोरीला सासरी ऐकावं लागतं. आबा नुसते म्हणाले, "बघू."

संध्याकाळी ते जावयाला मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेले. मागून मीही गेले, म्हटलं हा म्हातारा करतोय तरी काय. आबांनी धोतराच्या सोग्यातून पाणी प्यायचा तांब्या काढला, जावयाला दाखवला, पाठ वळवून हात फिरवला, आणि धप्पकन आवाज झाला. "एवढा तांब्या काढा," म्हणाले.

देवचंदराव उतरले. दम चांगला होता, मला मान्य करावंच लागेल. पण तांब्या काही मिळेना. वर यायचे, श्वास घ्यायचे, परत खाली. डोळे लाल झाले, नाकातून रक्त आलं. मी म्हटलं, "राहू द्या आता, जेवायला चला." ते म्हणाले, "मामी, मी सोडणारा माणूस नाही." अंधार पडला तेव्हा आबांनीच त्यांना वर बोलावलं.

सकाळी मी चूल पेटवतेय तर जावई दारात उभे, केस ओले, हातात तांब्या. "सापडला मामा! पहाटेच गेलो होतो. गाळात रुतला होता." आबांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि "वा!" म्हणाले. शेजारचा छगन आणि त्याची कलाबाई कौतुक करायला आले. नर्मदा तर फुलून गेली. मला मात्र यांचा तो 'वा' खटकला. ज्या माणसाने बायकोला अंतरपाटाआडून तपासून घेतलं, तो तांब्या न तपासता 'वा' म्हणतो?

तांब्या घासायला मोरीत नेला. चिंच लावली, हात फिरवला, आणि जागच्या जागी थिजले. भांडं बाईच्या हाताला कळतं. हा गोठ्यातला तांब्या होता, गाईला सरकी भिजवायला ठेवलेला, काठाला चेपलेला. गोठ्यात जाऊन बघते तर खुंटीखालची जागा रिकामी.

तशीच तणतणत आबांकडे गेले. "तुमचा जावई चोर शे!" म्हटलं. "गोठामधला तांब्या आनीसन तुम्हले देस, आन् तुम्ही वा वा करतस!"

आबांनी मला गप्प राहायची खूण केली. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि प्यायचा तांब्या बाहेर काढला.

"म्हणजे टाकलाच नव्हता?"

"दगड टाका व्हता."

मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर शंका घेणाऱ्या माणसाने जावयालाही सोडलं नव्हतं! आबा हळू आवाजात बोलायला लागले. त्यांना तांब्या नको होता. विहिरीत नसलेली वस्तू शोधून हा माणूस वर येतो आणि 'नाही सापडली' म्हणतो का, एवढंच बघायचं होतं. नाक फुटलं तरी त्याच्या तोंडून ते आलं नाही, वर रात्रीत खोटं रचलं. म्हणाले, "पुष्पे, वनाबी असाच व्हता." वनाचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी किती वर्षांनी ऐकलं. मला रडूच फुटलं.

"मग सांगा ना तोंडावर!"

"सांगितलं तर रुसीसन जाई. आन् दोस्तासंगे मुकाट्यानं उतरी जाई. मंग दोरी कोन धरी?"

तेही खरंच होतं. 'नाही' म्हटलं तर चोरून जाणार, 'हो' म्हटलं तर आम्ही पाठवल्यासारखं. सकाळभर मी पोळ्या लाटत होते आणि देवचंदरावांकडे बघत होते. ते हसले तरी मला राग यायचा, पाणी मागितलं तरी राग यायचा.

दुपारी पंगत बसली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस, कुरडया. जावयाच्या पाटाभोवती नर्मदेने रांगोळी काढली होती. आबा आतून आले आणि त्यांनी जावयाच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला, गोठ्यातला. मग त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, कणगीतला. आणि आपल्या पाटावर बसून म्हणाले, "बसा, जेवा."

देवचंदरावांचा हात रसाच्या वाटीतच थांबला. त्यांनी एका तांब्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. मग ताट सरकवून उठले. जावई भरल्या ताटावरून उठला! नर्मदा कावरीबावरी झाली, तिला काहीच माहीत नव्हतं. "काय झालं? मीठ जास्त पडलं का?" विचारत होती बिचारी. मी मनात म्हटलं, गेलं, पोरीचं माहेर तुटलं. आबांनी मान वर केली नाही. त्यांचाही घास हातातच होता.

जावई उंबऱ्यापर्यंत गेले. तिथे वनाची घागर होती, सांजोऱ्या तशाच होत्या. ते घागरीकडे बघत थांबले. मग परत येऊन पाटावर बसले.

"सापडला नव्हता, मामा," म्हणाले. आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही कसाबसा ऐकू यावा.

"आते शिकाडस तुम्हले," आबा म्हणाले आणि तोंडात घास घातला.

त्या वैशाख-ज्येष्ठात आबांनी त्यांना पिदडून काढलं. सुट्टी मिळाली की जावई यायचे. आबा त्यांचे डोळे बांधून आमच्याच घरात फिरवायचे. आत जाताना डावा हात भिंतीला, येताना उजवा, भिंत सोडली की पुन्हा पहिल्यापासून. निम्मा दम उरला असताना वळायचं. पाणी गढूळ झालं की वळायचं. भीती वाटली तरी वळायचं, का वळलात ते आबा विचारणार नाहीत. मला हसू यायचं, टेरिकॉटवाला जावई डोळ्यांवर फडकं बांधून माझ्या चुलीभोवती चाचपडतोय. पण विश्वास बसत नव्हता. एकदा खोटं बोललेला माणूस पाण्याखाली खरं वागेल कशावरून?

पाऊस तोंडावर आला आणि आबा म्हणाले, "उद्या." मी भांडले. ते म्हणाले, "मी सांगस म्हणून थांबी, तर एक दिवस मी नसताना जाई. तेले सोताहून वळता येवाले पायजे."

डोंगीतून, म्हणजे लहान होडीतून, आम्ही आमच्या बुडालेल्या घरावर गेलो. खाली धाबं अंधुक दिसत होतं. आबांनी पाठीमागे गाठ मारली, ओढून बघितली, परत बघितली. जावई खाली गेले. दोरी सरसर जात होती, मग थांबली. मग पुन्हा थोडी गेली. पाणी तांबूस व्हायला लागलं. मला वाटलं, लागला याचा हात छताला. आता हा हट्टाला पेटणार, आता गाठ तोडणार. वनाच्या वेळी असंच तांबूस पाणी होतं. मी आबांच्या दंडाला नखं रुतवली, "ओढा, ओढा!" ते ओढेनात. दोरीकडे बघत बसले होते, ओठ पांढरे पडले होते.

दोरी सैल पडली. मी किंचाळलेच.

आणि डोंगीच्या पलीकडून डोकं वर आलं. खोकत, थुंकत देवचंदरावांनी डोंगीचा काठ धरला आणि दुसरा रिकामा हात आम्हाला दाखवला.

"मामी, पाळणा नाही सापडला. मधघराच्या दारापर्यंत गेलो, आत काही दिसेना. मला भीती वाटली. वळलो."

मी आबांकडे बघितलं. आता हे विचारणार, खरंच दारापर्यंत गेलात का, दार कोणत्या हाताला होतं, चौकटीला काय होतं. जन्मभर हेच केलं होतं त्यांनी. पण त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. जावयाला काखेत धरून वर घेतलं आणि आपल्या उपरण्याने त्यांचं डोकं पुसायला लागले, लहान पोराचं पुसावं तसं. पुसता पुसता रडत होते. मीही रडले. पाळणा माझ्या डोळ्यांसमोरून गेला, आणि मेला गेला तर गेला, म्हटलं.

दिवाळीच्या आधी नर्मदेला मुलगा झाला. बारशाला पाळणा हवा, तर मी माझं जुनं नऊवारी लुगडं काढलं, झोळी करायला. टांगायला दोरी पाहिजे. आबांनी खुंटीवरची बुडीची दोरी काढली, विळा आणला आणि दोन्ही जावयाच्या हातात दिलं.

"कापा," म्हणाले.

देवचंदरावांनी एकदा आबांकडे बघितलं आणि दोरी मधोमध कापली. त्यानंतर आमच्या घरातून जुन्या गावात कोणीही उतरलं नाही.

झोळी बांधली, बाळ आत निजवलं. आबांनी गाठ ओढून बघितली. थोड्या वेळाने उठून परत बघितली. मी म्हटलं, "अहो, आता तरी बसा!" बसले. आणि मी पाठ वळवली की परत उठले.