भाऊंची रिंग, तात्यांची रिंग

आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागात एक लोखंडी कपाट आहे. त्यात हवा गेलेले बॉल, सत्काराचे उरलेले नारळ आणि एकुलता एक कप. नारळ आमचा शिपाई चटणीला घेऊन जातो, बॉलमध्ये हवा भरता येते. किस्से मात्र नुसते साठत जातात! रिसोडमध्ये बास्केटबॉल शिकवणारा क्रीडा संचालक म्हटल्यावर दुसरं होणार तरी काय? हे सगळे किस्से एकाच स्पर्धेतले आहेत. मुलींची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, यजमान आम्ही.

*

आमच्या ग्राउंडवरचा एक पोल संस्थेचे अध्यक्ष भाऊंनी दिलेला, समोरचा उपाध्यक्ष तात्यांनी. दोघांचे पक्ष वेगळे. एकमेकांशी बोलतात ते फक्त माइकवरून, आणि तेही चांगलं नाही. दोन्ही बोर्डांवर देणाऱ्याचं नाव ठळक रंगवलेलं.

पहिल्या मॅचला भाऊंचे कार्यकर्ते भाऊंच्या पोलखाली बसले, तात्यांचे तात्यांच्या. भाऊंच्या रिंगमध्ये बॉल पडला की भाऊंचे लोक शिट्ट्या मारायचे.

मी धावत गेलो. "अहो, त्या रिंगमध्ये समोरच्या टीमच्या मुली बास्केट करताहेत! आपण हरतोय!"

"ते तुमचं तुमी पाहा सर. भाऊच्या रिंगीत लय बॉल पडून राह्यले, बस!"

हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या. समोरच्या टीमच्या मुली तात्यांच्या रिंगवर हल्ला करायला लागल्या, तसा तोच कार्यकर्ता घाबरून माझ्याकडे आला. "सर, आता त्या पोट्ट्या तिकडून काहून खेळून राह्यल्या?"

"अर्धा वेळ झाला की बाजू बदलावी लागते. नियम आहे."

तो मान डोलावून म्हणाला, "आमच्यात बी असंच चालते!"

ती मॅच आम्ही जिंकलो. सत्कार दोन्ही पोलखाली वेगवेगळे झाले.

*

उद्घाटनाचं तर विचारू नका. पाहुण्याने पहिला बॉल टाकायचा अशी आमची पद्धत. भाऊंनी चप्पल काढली, बॉलला हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि फेकला. बॉल रिंगच्या आसपासही गेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा फेकला. टाळ्या! जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं वाहत होतं, अशा वेळी नेम चुकलेला फोटो पेपरात जाऊन कसं चालेल? शेवटी मंडपवाल्याची शिडी आली. भाऊ वर चढले आणि रिंगमध्ये हाताने बॉल ठेवून दिला.

तात्या ताडकन उठले. "शिडी इकडं आना!"

मग शिडी पूर्ण कोर्टावरून वाजतगाजत पलीकडे गेली. उतरल्यावर तात्यांनी अकोल्याहून आलेल्या पंचांना गाठलं. "आमच्या दोघाईचं बरोबरीत मांडा. उगाच वाद नको."

पंच बिचारे पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. त्यांनी खरंच मांडलं!

*

स्कोअरला आमचे गणिताचे सर बसले होते. माणूस अत्यंत काटेकोर. पहिल्याच लांबच्या बास्केटला त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रिंग तीच, बॉल तोच. मग मघाशी दोन गुण आणि आता तीन? हे मी मांडणार नाही."

पंचांनी समजावलं, मी रेष दाखवली. सर काही ऐकेनात, खेळ थांबला. तेवढ्यात शेजारी बसलेले राज्यशास्त्राचे सर, पानाचा तोबरा एका गालात सरकवत म्हणाले, "अहो, लांबून आला ना तो बॉल? एक गुण टी.ए. समजा!"

गणिताच्या सरांना तत्काळ पटलं. पुढे तर एखादा बॉल रेषेवर पाय ठेवून टाकला की तेच ओरडायचे, "टी.ए. मंजूर नाही!"

*

आता आमच्या पल्लवीबद्दल. रिठदची पोरगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्यासारखी खेळाडू माझ्या हाताखालून दुसरी गेली नाही. तिचे वडील एकदा बाजाराला आले असताना प्रॅक्टिस बघायला थांबले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "घरी वरच्या फळीवरचा डबा काढून मागतला तर हात पुरत नाही म्हनते. अन् इथं पाहा!"

खूश होते, पण जाताना अट घालून गेले. "खेळू द्या सर. पन एक जरी प्रॅक्टिकल बुडालं, तर खेळणं बंद."

प्रॅक्टिकल म्हणजे रसायनशास्त्राच्या काळे मॅडम. त्यांच्या लेखी खेळाडू म्हणजे हजेरीपटावरची रिकामी जागा. फायनलच्या दिवशी सकाळी पल्लवीचं प्रॅक्टिकल होतं आणि दुपारी मॅच. सगळं नीट जुळलं होतं. पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची गाडी वाटेत पंक्चर झाली आणि सकाळचं प्रॅक्टिकल गेलं दुपारवर!

मी हात जोडून प्रयोगशाळेत गेलो. "मॅडम, पल्लवीला जरा लवकर सोडता येईल का?"

मॅडमनी काचेच्या नळीवरची नजरही हलवली नाही. "सर, तुमच्या मॅचमध्ये टाइम-आउट असतो. माझ्या टायट्रेशनमध्ये नसतो."

*

फायनल कारंज्याच्या टीमशी. आमची एक मुलगी सेमीफायनलला पाय मुरगळून बसलेली, त्यामुळे पल्लवीला धरून बरोब्बर पाच उरल्या होत्या. पाच जणी उभ्या राहिल्याशिवाय मॅच सुरू होत नाही. आणि कोर्टावर होत्या चार.

कारंज्याचे कोच भला माणूस, पण त्यांनाही संध्याकाळची बस गाठायची होती. "सर, भाऊंचं भाषण संपलं की शिट्टी. मग नियमाप्रमाणे थोडा वेळ थांबू, नाहीतर वॉकओव्हर." चूक त्यांची नव्हतीच.

खड्डा मीच खणून ठेवला होता. कारण त्याच सकाळी मी भाऊंना विनवलं होतं, "भाऊ, भाषण दोनच मिनिटं करा. पोरींचं अंग थंड पडतं." भाऊंची भाषणं म्हणजे बसल्या जागी पाय बधिर. गेल्या वर्षी तर मी हळूच माइकची वायर काढली होती! या वेळी ते रुसून "बरं" म्हणाले होते.

आणि त्या दिवशी भाऊ खरंच दोन मिनिटं बोलले. "खेळाडूंना शुभेच्छा देऊन मी माझे दोन शब्द..." असं म्हणत त्यांनी कोर्टाकडे पाहिलं. चार पोरींवरून नजर फिरवली. थांबले. घोटभर पाणी प्यायले.

"तर मंडळी, सोयाबीनचं काय झालं हाये..."

सोयाबीन झालं. लहानपणीच्या आट्यापाट्या झाल्या. शिडीवर चढताना काय वाटलं तेही झालं. कारंज्याचे कोच सारखे घड्याळ बघत होते, पण संस्थेच्या अध्यक्षापुढे शिट्टी कोण वाजवणार? जन्मात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला भाऊ, बोला!

शेवटी भाऊंचे विषयच संपले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तात्यांचं कौतुक सुरू केलं!

भाऊंचे कार्यकर्ते एकमेकांची तोंडं बघायला लागले. तात्या खुर्चीत सावरून बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "काय करून राह्यला हा मानूस?" भाऊंनी तात्यांची शेती काढली, तात्यांचा स्वभाव काढला, तात्यांचा पोल आपल्या पोलापेक्षा मजबूत आहे हेसुद्धा सांगून टाकलं. तात्यांचे डोळे पाणावले. खिशातून रुमाल निघाला.

एवढ्यात प्रॅक्टिकल आटोपून गेटमधून पांढऱ्या ॲप्रनमध्ये पल्लवी धावत आली. तिच्या मागे काळे मॅडम, हातात पल्लवीचे बूट घेऊन.

माइकवर भाऊ गहिवरून म्हणत होते, "अन् म्हनून सांगतो, तात्यासारखा दिलदार मानूस या जिल्ह्यात दुसरा... आली का पोट्टी? मंग झालं! जय हिंद, जय महाराष्ट्र!"