फाळक्यावर दोनदा

आमचा दादा गेला तेव्हा आधी मला हायसं वाटलं, रडू नंतर आलं. असं चारचौघांत बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी आपलं माणूस एकेका श्वासासाठी झगडताना पाहिलंय, त्यांना कळेल.

दादा इथे सिंगापूरला मालवाहतुकीच्या कंपनीत मॅनेजर होता. लग्न केलं नाही. शेवटचे महिने माझ्याच वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये काढले. पण कुणी पहिल्या गाडीचा विषय काढला, की स्वारी थेट कराडला पोचायची. तिथे मामांच्या आवारात एक ट्रक सडत पडला होता. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. "चालू करून दाखव, ट्रक तुझा," मामा थट्टेने म्हणाले, आणि या पठ्ठ्याने मेकॅनिकचं डोकं खाऊन खाऊन तो चालू केला. अठराव्या वर्षी ट्रकमालक! लायसन यायचं होतं, त्यामुळे गुळाच्या खेपांना ड्रायव्हर ठेवलेला, मालक शेजारी बसून रुबाब करायचा. आमच्या बोळात ट्रक मागे घेणं मात्र त्याच्याकडे, आणि मागे उभी मी. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर एकदा हात मारला की थांब, दोनदा मारला की जाऊ दे. एकदा शेजारच्या काकांनी हौसेने दोनदा मारला, तर हा जागचा हलेना. खिडकीतून डोकं काढून म्हणतो, "सुली कुठाय? तिने मारल्याशिवाय नाही." काका बरेच दिवस फुगून होते...

हात मारायची ही खोड पुढे त्यालाही लागली, ती इथेही सुटली नाही. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं दार लागलं, की हा त्यावर दोनदा हात मारणार. माझी लेक इरा लांब जाऊन उभी राहायची आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून ओरडायची. "मामा, डोन्ट लाह!"

शेवटी त्याचं बोलणं बंद झालं. श्वास अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. घरी येणारी नर्स म्हणाली, त्यांना जा म्हणून सांगा, कधीकधी माणूस तेवढ्यासाठी थांबतो. माझी जीभच उचलेना. कशी उचलेल? आई-वडिलांमागे मला त्यानेच सांभाळलं. मी आपली पाय चेपत इकडचं तिकडचं बोलत राहायचे. एका दुपारी इरा म्हणाली, "आई, तू बोलू नकोस. जस्ट डू द ट्रक थिंग, लाह. ही इज वेटिंग." मी उठले, पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले... आणि फळीवर दोनदा हात मारला. चहाच्या वेळेआधी दादा गेला. झगडा नाही, काही नाही.

गेल्या आठवड्यात तो भाड्याचा पलंग परत न्यायला लॉरी आली. ड्रायव्हर म्हातारा चिनी अंकल. त्याचं बोलणं मला कळेना, माझं त्याला. पलंग चढला, फाळका लागला. ब्लॉकखालच्या कारपार्कमध्ये लॉरी मागे घेताना तो सारखा आरशात बघत होता. मी मागे जाऊन उभी राहिले. खांब जवळ आला तसा एकदा हात मारला. तो थांबला. मग दोनदा मारला, आणि लॉरी निघाली.