तवनाप्पाची कबुतरं आणि चंदनबालाचे कावळे

तवनाप्पा चौगुले सांगलीच्या हळद बाजारात मापाडी होता. दिवसभर पोती तोलून घरी येईपर्यंत त्याच्या भुवयासुद्धा पिवळ्या व्हायच्या. पण तोंड धुवायच्या आधी तो जिना चढून गच्चीवर जायचा. तिथं त्याची ढाबळ होती. जुन्या खोक्यांच्या फळ्या आणि जाळी ठोकून त्यानं कबुतरांसाठी केलेलं घर. कितीही लांब नेऊन सोडली तरी परत घरी येणारी बावीस कबुतरं त्यात होती. हे खूळ चार दिवसांत उतरेल असं चंदनबालाला लग्नानंतर वाटलं होतं. चौदा वर्षं झाली, तिनं आशा सोडली होती.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी सरली आणि कुठूनसा ससाणा आला. पाण्याच्या टाकीवर बसायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं तीन कबुतरं नेली. तिसरं तर तवनाप्पाच्या डोळ्यांदेखत. वरून धोंडा सुटावा तसा तो खाली आला, आणि हवेत नुसती पिसं तरंगत राहिली.

शेजारचे लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. त्यांच्याकडं परवान्याची बंदूक होती.

"एका गोळीचं काम हाय," ते म्हणाले. "तू नुसतं व्हय म्हण."

"न्हाई गड्या. जीव घ्यायचा न्हाई. त्यो बी पोटासाठीच एवढ्या लांबनं आलाय."

"आन् तुझी पाखरं? ती काय त्याच्या ताटात वाढायची?"

कोंडून ठेवली तर कबुतरांच्या पंखांतलं बळ जाणार. उडवायची तर कामावरून आल्यावर, दिवस कलताना. आणि ससाण्याचीही शिकारीची वेळ तीच. मग तो रोज गच्चीवर उभा राहून आभाळ राखू लागला. त्यात सूर्य बुडायचा आणि त्याचं जेवण राहायचं, कारण जैनांच्या रीतीप्रमाणं दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी अन्न तोंडात घालत नसे. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी चंदनबाला ताट घेऊन गच्चीवर आली.

"तुमी खाली मान घालून जेवा. वर मी बघते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"डोळं हायत की मला."

तो जेवायचा, ती आभाळ बघायची. असं चार-पाच दिवस चाललं आणि एकदा ती म्हणाली, "आवं, त्या चिंचंवरचं कावळं बघा. ससाणा दिसायच्या आधीच वरडायला लागत्यात. आपल्या आधी त्यांना कळतंय."

दुसऱ्या दिवसापासून तिनं कठड्यावर भाकरीचे तुकडे टाकायला सुरुवात केली. महिन्याभरात कठडा काळा दिसायला लागला. कावळ्यांनी कालवा केला की तवनाप्पा ज्वारीचा डबा वाजवायचा, आणि सगळा थवा झटकन ढाबळीत उतरायचा. कावळे मात्र ससाण्याच्या मागं लागून त्याला पार नदीपलीकडं पिटाळून यायचे. पौष संपला तरी एकही कबूतर गेलं नाही. तवनाप्पा बाजारात ज्याला त्याला सांगत सुटला, "आमच्या मंडळींनी पलटण उभी केलीया!"

माघात लालासाहेब लेकीकडं कराडला निघाले. "दे पाच-सहा पाखरं. तिथं नदीच्या संगमावर सोडतो," असं म्हणून टोपली घेऊन ते एस.टी.त बसले. त्यांनी सहा कबुतरं सोडली. दुपारपर्यंत पाच घरी आली. मिरी आली नाही. ठिपक्याठिपक्यांची ती मादी तवनाप्पाची सगळ्यांत लाडकी.

लालासाहेब परतले ते सरळ त्याच्या दारात येऊन उभे राहिले. "सोडल्या सोडल्या एक ससाणा मागं लागला रं. मी हातानं सोडली तिला." तवनाप्पानं त्यांना आत घेऊन पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चंदनबाला जिन्याखाली डाळ निवडत होती. कसलीशी फडफड ऐकू आली म्हणून तिनं मान वळवली. मिरी पहिल्या पायरीवरून दुसरीवर उडी मारत होती. एक पंख लोंबत होता, पाठीवर रक्त वाळलेलं, पाय चिखलानं माखलेले. किती वाट उडत आली, किती चालत आली, कुत्र्या-मांजरांतून कशी वाचली, कोण सांगणार! चौदा वर्षांत चंदनबालानं कबुतराला हात लावला नव्हता. तिनं सूप बाजूला सारलं, मिरीला पदरात घेतलं आणि तेलात हळद कालवून जखमेवर लावली. तवनाप्पा कामावरून आला, तर बायको तिला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत बसलेली. तो उंबऱ्यातच थांबला.

जखम भरली, पण मिरी पुन्हा उडली नाही. ढाबळीचं दार जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, तिला चढता येईना. लालासाहेबांना हे कळलं तसे ते फळी, करवत आणि खिळे घेऊन आले. दोन दिवस खपून त्यांनी आडव्या पट्ट्या ठोकलेली उतरती फळी बसवली. त्या फळीला गल्लीतली पोरं "मिरीचा जिना" म्हणू लागली. चैत्रात मिरीनं दोन अंडी घातली, त्यांतून पिल्लं निघाली. सकाळच्या उन्हात ती त्या फळीवरून टुकूटुकू खाली यायची, कठड्याच्या सावलीत दाणे टिपायची आणि पिल्लांसाठी पुन्हा वर चढायची. आणि लालासाहेब चहाचा कप हातात घेऊन, ती वर पोचेपर्यंत, फळीशेजारीच उभे असायचे.