हात लावला की गुन्हा आपला

२०२३ चा चैत्र उतरत होता आणि आखाजी तोंडावर आली होती. खानदेशी माणसाला अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी, दिवाळीपेक्षा मोठी. सुरतेत डिंडोलीला माझं गॅरेज आहे. त्या आठवड्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी आमची सगळी माणसं गावाकडे निघतात, आणि निघण्याआधी माझ्या दारात उभी राहतात. वर्षभर गाडीकडे बघायचं नाही. मग म्हणायचं, "आबा, दहा मिनिटांत करून द्या, घाट चढायचाय!"

असल्या गोष्टी गॅरेजात काळ्या तेलासारख्या साचतात. त्या वर्षी जरा जास्तच साचल्या.

मी तोंडाचा कडक आहे. उद्धट गिऱ्हाइकाला गाडीसकट बाहेर काढतो. एकालाच काढता येत नाही. गोपाळला.

गोपाळ हा सिंधूमावशीचा मुलगा. मी गावाहून सुरतेत आलो तेव्हा मावशी लूमवाल्यांची खानावळ चालवायची. त्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. काम गेलं. मावशी रोज माझ्या खोलीवर ताट पाठवायची. बरा झाल्यावर मी हिशेब विचारला, तर म्हणाली, "आजारी माणसाच्या भाकरी मोजत नाही. कधी माझी अड पडली, गरज लागली, तर ये."

तिची अड कधी पडली नाही. गोपाळची मात्र दर महिन्याला पडते. पंक्चर असो की हॉर्न, उभा राहतो आणि म्हणतो, "आबा, आईच्या भाकरी आठवा!"

* * *

एका शेजाऱ्याच्या मोटारसायकलचं मागचं पंक्चर काढून दिलं. संध्याकाळी तो गाडी ढकलत परत आला. पुढचं चाक बसलं होतं.

"सकाळीच तुमच्याकडे आणली होती ना?"

"मागच्या चाकासाठी. पुढच्यात तेव्हा हवा होती."

"हवा होती हे मलाही दिसत होतं," तो म्हणाला. "पुढे खिळा लागणार हे कळायला नको? मग एवढी वर्षं केलं काय!"

* * *

इच्छापोरला कारखान्यात जाणारा एक जण आवाजाची तक्रार घेऊन यायचा. आवाज तोंडाने काढून दाखवायचा. टकटक, मग खर्र. गॅरेजात आली की गाडी गप्प.

"तुम्हाला बघून थांबते," तो म्हणायचा, जणू मीच तिला डोळा मारला.

शेवटी मी मागे बसून त्याच्याबरोबर चलथाणपर्यंत गेलो. आवाज आला. सीटखाली डब्याचा चमचा अडकला होता. काढून हातात दिला.

दोन दिवसांनी परत हजर. तोंड उतरलेलं.

"आबा, आता अजिबात आवाज येत नाही. काही बंद तर पडलं नाही ना?"

* * *

आमच्या धंद्यात रिवाज आहे. नवा पार्ट टाकला की जुना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याला खात्री. बहुतेक जण बघतात आणि तिथेच टाकून जातात.

साडीला टिकल्या लावण्याचं काम करणारे एक कनुभाई आहेत. ते जुना पार्ट रुमालात बांधून घरी नेतात. ब्रेकची झिजलेली पट्टी, जळका प्लग, तुटकी केबल. सगळं नेलं.

आखाजीच्या त्याच आठवड्यात त्यांनी स्कूटर विकायला काढली. गोणी घेऊन आले आणि माझ्यासमोर ओतली.

"आबा, आ बधुं पाछुं नाखी दो. हे सगळं परत बसवा. नवं काढून मला द्या."

"घेणारा पडेल, कनुभाई!"

"घेणारो ओळखीचा नाही."

मी नाही म्हणालो. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"मग मी एवढी वर्षं हे जपून ठेवलं कशाला?"

* * *

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी गोपाळची व्हॅन दोरीने ओढून आणली. आत मावशी बसलेली. नवं लुगडं, मांडीवर गाठोडं. ऐंशीच्या पुढची बाई. साक्रीकडे तिचं माहेर. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. गुडघ्यांमुळे मावशीचं जाणं बंद झालं होतं. या वर्षी भावाचा निरोप आला होता, तोही थकला होता. तिने ठरवलं होतं, एकदा जायचंच.

मी बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. तशीच पळवली होती. इंजिन जाम.

"आठवडा लागेल," मी म्हणालो.

गोपाळने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. "मागच्या वर्षी तुम्ही वायपर बदलला, तेव्हापासून ही गाडी अशी आहे! आबा, तुमचा हात गेला आता! तासात चालू करा, नाहीतर आईला तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हाताबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. मी पाना खाली ठेवला.

मावशी गाठोडं घेऊन व्हॅनमधून उतरली. मला म्हणाली, "भीमा, आते माले अड पडनी."

इतक्या वर्षांनी आता तिची अड पडली होती. मी शटर ओढलं. रांगेतली गिऱ्हाइकं ओरडली, त्यांना ओरडू दिलं. माझी जुनी जीप काढून मावशीला पुढे बसवलं.

"तू चल," मी गोपाळला म्हणालो.

"मी कसा येऊ? व्हॅन इथे सोडून? मागे कुणी पार्ट काढले तर!"

तो व्हॅनपाशी राखण बसला.

नवापूर गेलं. कोंडाईबारीच्या घाटात जीपने धूर सोडला आणि थांबली. पाण्याची नळी फुटली होती.

मावशी खाली उतरली. दगडावर बसली. माझ्याकडे बघितलं.

"तू मेकॅनिक शेस ना? मंग तुनी गाडी काब्र बंद पडनी?"

मी नळीला पट्टी गुंडाळत राहिलो.

"तिले शेवटलं कधी दखं व्हतं?"

"मागच्या आखाजीला," मी म्हणालो.

मावशी हसली नाही. गाठोडं सोडलं. भाकरी काढली, वर ठेचा ठेवला, माझ्यापुढे धरली.

"मावशी, मी फेडायला निघालोय. तुम्ही आणखी चढवता."

"खाय ले मुकाट्याने."

खाल्ली. इंजिन गार झालं. पाणी भरलं आणि घाट चढलो.

माहेरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दारातल्या निंबाला झोका बांधलेला. भाऊ काठी टेकत पुढे आला. दोघं एकमेकांचे हात धरून नुसते उभे राहिले. मग मावशी चालत झोक्यापाशी गेली आणि बसली. पोरीबाळी बाजूला झाल्या.

मी निघायला जीपकडे वळलो.

"भीमा!" तिने हाक मारली. "मागन्या भाकरी फिटन्यात. आजनी राहिनी."

"मग?"

"झोका दे."

मी मागे जाऊन उभा राहिलो. दोन्ही हातांनी झोका दिला. लुगड्याचा पदर वर गेला, खाली आला.

"फिटनी," मावशी म्हणाली.