आंग मो किओची धरलेली जागा

विमानतळावरून वसतिगृहात पोहोचलो तेव्हा गळ्यात अडकवायचं कार्ड तयार होतं. त्यावर माझ्या नावाआधी ‘डॉ.’ छापलेलं. ती पदवी मिळावी म्हणूनच तर साताऱ्याच्या कॉलेजात अर्धं आयुष्य शिकवून झाल्यावर मी संशोधक विद्यार्थ्यांच्या या निवासी अभ्यासवर्गाला आलो होतो. चूक दाखवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “नेव्हर माइंड, अंकल. व्हेरी सून, लाह!” सिंगापूरने मला पदवी आणि वय दोन्ही एका दमात बहाल केलं.

उद्घाटनाला समई नव्हती, एवढाच आपल्याकडच्याशी फरक. बाकी फलक, फुलं, आणि ‘गणिताला सीमा नसतात’ हे वाक्य प्रत्येक वक्त्याच्या तोंडी. विषय होता आलेखांचं विश्लेषण. शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो ते आलेख नव्हेत. इथे फक्त ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ठिपका म्हणजे माणूस धरला, तर रेषा म्हणजे ओळख.

दुपारी हॉकर सेंटरला (एका छपराखाली मांडलेले खाण्याचे गाळे) गेलो. उकाड्याने जीव जात होता. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट होतं. काय सोय आहे, असं म्हणून मी बसलो, पाकीट फोडलं आणि मान पुसली.

“अंकल!” वर्गातली वेई लिंग धावत आली. ती इथलीच. “ही कुणीतरी चोप केलेली जागा आहे!”

चोप म्हणजे जागा धरणं. पाकीट ठेवून लोक खुशाल जेवण आणायला जातात आणि त्या जागेला कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात हयात गेलेल्या माणसाला हे आपलं आपण कळायला हवं होतं. परत आलेल्या गृहस्थांनी फक्त माझ्या मानेकडे पाहिलं.

वर्गात मराठी बोलणारी आणखी एकच होती, नांदेडची सुखदा. हुशार, अबोल. मला सर म्हणायची. संध्याकाळ झाली की कुठेतरी निघून जायची. एकदा विचारलं तर शहराच्या उत्तरेकडच्या एका वस्तीचं नाव सांगितलं, “आंग मो किओला, सर. जेवायला.” पुढे काही विचारू नये अशा आवाजात.

शेवटच्या आठवड्यात प्राध्यापिका तान यांनी सराव दिला. आतापर्यंत रात्री कोण कुणाबरोबर जेवलं, त्याचा आलेख करायचा. कुणाचं खासगी उघडं पडू नये म्हणून नावांऐवजी आकडे. पण खोलीतले सगळे नेमकी हीच विद्या शिकायला आले होते. चहा येईपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव फुटलं होतं. जाळ्यापासून दूर, कोपऱ्यात, एकही रेषा नसलेला ठिपका सुखदाचा होता.

दुसरं कुणी असतं तर ‘बिचारी’ म्हणून सोडून दिलं असतं. गणितवाल्यांना सुटा ठिपका बघवत नाही. वेई लिंगने मला गाठलं. “तुमच्याकडची ना ती? कुठे जाते?” मी बोलून गेलो. लगेच ठरलं, उद्या सगळ्यांनी आंग मो किओ. एकटं जेवणं हा काही रोग नाही, हा माझा मुद्दा बहुमताने पडला.

दुसऱ्या संध्याकाळी एमआरटीतून (इथली मेट्रो) आमची वरात उतरली. उंच इमारतींच्या पायथ्याशी हॉकर सेंटर होतं. एका गोल टेबलाशी सुखदा बसली होती. समोर प्राट्याच्या (मऊ, पदर सुटणारा पराठा) दोन थाळ्या. आम्हाला पाहून तिचा चेहरा उतरला.

“सर, हे काय?”

“वर्ग रेषा काढायला आलाय,” मी म्हटलं. मलाच माझी लाज वाटली.

वेई लिंग तिच्या समोरच्या स्टुलावर बसणार, तोच थबकली. स्टुलावर रुमालांचं पाकीट होतं. “चोप्ड,” ती हळूच म्हणाली आणि सगळ्यांना मागे सारलं. आम्ही दाटीवाटीने बसलो, उरलेले उभे राहिले. ते स्टूल रिकामंच राहिलं.

सुखदा माझ्याकडे वळली. “वर दादा राहतो. जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत इंजिनिअर आहे. बाबा गेले तेव्हा तो आला नाही, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आल्या दिवशी मेसेज केला, रोज खाली बसते, वाटलं तर ये. वाचलाय त्याने.”

“मग?”

“वाचलाय, एवढंच. परवा माझं विमान आहे.”

इतरांना मी फक्त सांगितलं, ती कुणाची तरी वाट बघतेय. नुसतं बसणं जमेना तेव्हा वेई लिंगने खिशातल्या कागदावर सकाळचं गणित काढलं. दोघे भांडू लागले, मग चौघे. सुखदाने थोडा वेळ सोसलं, मग पेन हिसकावून म्हणाली, “राँग! इथेच तुटतंय ते!” तिचं बरोबर होतं. मोठा हशा झाला, आणि त्यात तीही होती.

“पप्पा, दिस वन द विंडो आंटी, इज इट?”

शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. तिचा हात धरून, कंपनीचा पास अजून गळ्यात असलेला एक माणूस.

“आंटी नाही,” सुखदा म्हणाली. “आत्या म्हण.”

तो माणूस स्टुलाकडे बघत राहिला. “रोज वरच्या खिडकीतून बघत होतो, सुके. तू एकटी दिसलीस की पाय उचलत नव्हता. आज म्हटलं, एवढ्या लोकांत तरी ओरडणार नाहीस.”

“बस,” ती म्हणाली. “प्राटा गार झालाय.”

त्याने पाकीट उचललं, फोडलं, आणि मान नाही, डोळे पुसले.

आम्ही निघालो. समारोपाला प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. माझ्या नावाआधी अजूनही ‘डॉ.’ होतं. प्राध्यापिका तान यांनी नवा आलेख दाखवला. सुखदाने हात वर केला. म्हणाली, यात दोन ठिपके कमी आहेत, ते वर्गातले नाहीत. प्राध्यापिकांनी फलकाच्या चौकटीबाहेर, भिंतीवरच खडूने दोन ठिपके काढले. सीमा नसण्याबद्दल त्या वर्गात ऐकलेलं हेच पहिलं खरं भाषण.

पुण्याला स्वारगेटवर साताऱ्याची एसटी लागली होती. वेई लिंगने दिलेलं रुमालांचं पाकीट मी खिडकीजवळच्या सीटवर ठेवलं आणि चहाला उतरलो. मनात आलं, जागा धरायला एक माणूस पुरतो. ती रिकामी राहायला सगळे लागतात.

परत आलो तर सीटवर एक गृहस्थ मान पुसत बसले होते. त्यांनी पाकीट माझ्यापुढे केलं. “घ्या की. कुणीतरी विसरून गेलंय.”

मी एक घेतला आणि साताऱ्यापर्यंत उभा राहिलो. वाटेत सुखदाचा मेसेज आला. विमान तिने पुढे ढकललं होतं.