ओल्या माश्यांची डबी

तळ्यावर त्याला सगळे थोरला म्हणत आणि त्याच्या भावाला धाकटा. आईबापांनी ठेवलेली नावं होतीच, पण ती सहीपुरती. दोघंही होडीवाले, दोघांची होडी एकच, आणि दोघांत विस्तव जात नव्हता. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. त्यामुळे एकमेकांचं तोंड बघायची वेळ येत नसे. तेच बरं आहे, असं थोरला म्हणत असे.

काम पाहुण्यांना मासेमारीला नेण्याचं. गांडुळं लावून गळ टाकणारे काठावरच बसतात. होडीत येतात ते माशीवाले. ही माशी म्हणजे खरी माशी नव्हे. बारीकशा गळाला पिसं, लोकर आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेला किडा. तो पाण्यावर पडला की माशाला वाटतं, चला, जेवण आलं. माशाला फसवायला एवढा खटाटोप कशाला, बाजारात मासे मिळत नाहीत का, असं थोरल्याच्या बायकोचं मत होतं, आणि ते ती लग्न झाल्यापासून बोलून दाखवत आली होती.

या माश्या सांभाळायच्या म्हणजे डोक्याला ताप. पाहुणे हौसेने त्या टोपीत खोचतात, शर्टाच्या खिशाला लावतात, आणि मग वाकले की ओरडतात. वारा असला आणि डबी वाऱ्याकडे तोंड करून उघडली, की सगळ्या माश्या भुर्रकन तळ्यात. म्हणून डबी नेहमी वल्हेकऱ्याच्या बैठकीखाली, दोरीने फळीला बांधलेली. उघडायची ती वाऱ्याकडे पाठ करून, मांडीवर. आत स्पंजाच्या पट्ट्या: मोठ्या माश्या डावीकडे, बारक्या उजवीकडे, काळपट वर, फिक्या खाली. झाकणाच्या आतून मेंढीच्या लोकरीचा तुकडा शिवलेला. हे सगळं त्यांच्या वडिलांनी केलेलं. डबी त्यांची, होडीही त्यांचीच. त्यांचा कायदा एकच होता: ओली माशी पट्टीत जायची नाही. वापरलेली माशी लोकरीवर टोचायची आणि रात्रभर झाकण उघडं ठेवायचं. ओली माशी आत कोंडली की तिचा गळ गंजतो, आणि एकीचा गंज शेजारणीला लागतो.

वडिलांच्या माघारी होडी आणि डबी दोन्ही थोरल्याने तळ्यावरच्या मासेमारी क्लबला विकून टाकली. हंगाम वाईट होता, तळाच्या फळ्या कुजत आल्या होत्या, कारणं सगळी खरी होती. फक्त धाकट्याला विचारलं नव्हतं. त्याला कळलं ते धक्क्यावर, होडीला नवा रंग लागलेला बघून. तो एवढंच म्हणाला की मला विचारायचं तरी होतंस. याला उत्तर नव्हतं, म्हणून थोरल्याने तोंडाला येईल ते ऐकवलं. तेव्हापासून बोलाचाली बंद. पुढे दोघंही त्याच होडीवर पगारी नोकर म्हणून लागले.

पण डबीची देवघेव चालू राहिली. संध्याकाळी एकाने लोकरीवर टोचून ठेवलेल्या माश्या दुसऱ्याने सकाळी, सुकल्या की पट्टीत लावायच्या. होडीघराचं दार उघडून थोरला पहिल्यांदा लोकर बघायचा. काळ्या माश्या जास्त असल्या तर काल मासे खोलात होते. पिसं चावून चोथा झालेली असली तर पाहुण्याची चैन झाली. एखादीच माशी असली तर धाकट्याचा दिवस फुकट गेला. हे बघून त्याला उगाच वाईट वाटायचं, आणि वाईट वाटल्याचा राग यायचा. भावाची खुशाली त्याला एवढीच कळत होती.

आणि एका सकाळी लोकर रिकामी. झाकण घट्ट बंद. आत माश्या कशाही कोंबलेल्या, उलट्यापालट्या, चिंब ओल्या. लाल दोऱ्याचा रंग सुटून फिक्या माश्या गुलाबी झालेल्या. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असेल घाईत, म्हणून त्याने त्या निस्तरल्या, फडक्याने एकेक पुसली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आता गळांवर तांबूस पूड दिसायला लागली. वडिलांचा कायदा धाकट्याला माहीत नाही? माहीत आहे, म्हणून तर मोडतोय. मला डिवचायला करतोय. थोरल्याने मनाशी पक्कं केलं. नीट माणूस म्हणाला असता की जाऊन विचारावं, पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि आधी कोणी उघडायचं यातच दोघांची इतकी वर्षं गेली होती.

मग तो दिवस आला. पाहुणी दातांची डॉक्टर होती, दर हंगामाला येणारी, मोजकं बोलणारी. दुपारपर्यंत काही लागलं नाही. मग एकदम काठी वाकली, दोर सूं करत सुटला, आणि असा मासा वर आला की थोरल्याने वल्ही सोडून जाळं हातात घेतलं. मासा होडीच्या कडेला आला, आणि दोर ढिला पडला. वर आली ती अर्धी माशी. गळ वळणावर कट्कन तुटला होता आणि तुटलेल्या जागी गंज होता. डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा तळहातावर घेऊन नीट पाहिला. ही कधीची कीड आहे, एवढंच त्यांनी विचारलं. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

होडी बांधून तो तसाच क्लबच्या ऑफिसात गेला. डबी टेबलावर उघडून ठेवली आणि जे होतं ते सगळं सांगितलं, वर चार गोष्टी मीठमसाला लावून. मॅनेजरने ऐकून घेतलं. धाकट्याबद्दल कुरबुर त्याच्याही कानावर होती: वल्हं आपटतं, होडी धक्क्याला ठोकतो. पण कामाचा जुना माणूस, म्हणून तो गप्प होता. आता सख्खा भाऊच म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशी धाकट्याला घरी बसवलं आणि सगळे दिवस थोरल्याला दिले.

बायकोने विचारलं, बरं वाटलं? तो म्हणाला, हो. आणि पहिल्या आठवड्यात वाटलंही.

मग मात्र अंग बोलायला लागलं. एक दिवस वल्हवायचं आणि एक दिवस पाठ टेकायची, या हिशोबाने त्याचं शरीर इतकी वर्षं चाललं होतं. आता रोज तेच. संध्याकाळी बोटांच्या मुठी सुटत नसत, भाकरी मोडायची तर डाव्या हाताने उजव्याची बोटं सरळ करावी लागत. खांदे असे भरून येत की कूस बदलणं जिवावर यायचं. पाहुणे बोलत राहायचे आणि तो हं हं करत राहायचा. सकाळी होडीघराचं दार उघडलं की लोकरीवर त्याच्याच कालच्या माश्या. त्यानेच टोचलेल्या, त्यानेच काढायच्या. त्यांच्याकडून कळण्यासारखं काही नव्हतं. एकदा तर त्याला इतका कंटाळा आला की तो डबीपुढे नुसता बसून राहिला आणि पाहुण्याला हाक मारावी लागली.

एका संध्याकाळी बायको बाहेरून आली ती पिशवीही खाली न ठेवता समोर उभी राहिली. दवाखान्यात धाकटी जाऊ भेटली होती, सोबत धाकटा. शर्टाची बटणं ती लावून देत होती त्याला, लहान पोराची लावतात तशी. हात थरथरतात त्याचे. वर्ष होत आलं. आधी उजवा, आता दोन्ही.

"बटणं," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्याला माश्या टोचायला लावत होतात."

  थोरल्याने पायांत चपला अडकवल्या आणि तो निघाला.

धाकटा लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचा. जिन्यात साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास, भिंत खालच्या वाफेने ओलसर. थोरला आजवर तो जिना चढला नव्हता. मधल्या पायरीवर तो थांबला, दम लागला म्हणून आणि भीती वाटली म्हणूनही. दार धाकटीने उघडलं. या दादा, म्हणाली, जणू काल येऊन गेलेला माणूस पुन्हा आला होता, आणि चहा ठेवायला आत गेली.

धाकटा खिडकीशी बसला होता. हात मांडीखाली दाबलेले. चहा आला तो एकाला कपात, एकाला उंच पेल्यात, अर्धाच. धाकट्याने दोन्ही हातांनी पेला धरला, तरी काठ दातांवर वाजला. थोरल्याने नजर खिडकीबाहेर लावली. खाली कोणीतरी चादरी झटकत होतं.

काय बोलायचं ते जिन्यात ठरवून आला होता, पण त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटेना. शेवटी म्हणाला, "मला सांगायचं तरी होतंस."

"कसं सांगणार? बोलत होतो आपण?"

"मॅनेजरला सांगायचंस."

"त्याला सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

 थोरल्याने डॉक्टर काय म्हणतात, औषध आहे का, ते विचारलं. औषध होतं, पण थरथर जाणार नव्हती, फार तर थांबून थांबून वाढणार होती. धाकटा हे दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होता. थोरल्याला वाटलं, आपले खांदे दुखतात म्हणून बायकोपुढे किती कण्हलो आपण, आणि त्याला लाज वाटली.

"माश्या टोचता येत नव्हत्या तुला," तो म्हणाला. "मला काय माहीत? मला वाटलं, मुद्दाम करतोयस."

धाकट्याने पेला खाली ठेवला. ठेवायला वेळ लागला.

"टोचता येत नव्हत्या हे खरं. पण होडीघराचा चौकीदार टोचून देत होता. पुष्कळ दिवस त्यानेच दिल्या. तुला कळलंसुद्धा नाही."

"मग?"

"मग मुद्दामच केलं."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. धाकटी ऐकत होती.

"म्हटलं, हात तर चालले," धाकटा म्हणाला. "आता किती दिवस धक्क्यावर राहीन, सांगता येत नाही. त्याच्या आत एकदा तू यावंस. दुसऱ्या कशाने तू आला नसतास. माश्या ओल्या बघितल्यास की पेटशील, हे ठाऊक होतं. पहिल्यांदा कोंबल्या त्या रात्री हिला म्हटलं, उद्या दादा येईल शिव्या द्यायला, चहाचं दूध जास्त आण. आला नाहीस. मग पुन्हा कोंबल्या."

थोरल्याच्या डोळ्यांपुढे खिडकी अंधूक झाली.

"भांडायला का होईना, घरी येशील असं वाटलं होतं," धाकटा म्हणाला. "तू ऑफिसात गेलास."